रात्रीच्या पाण्याची गाडी

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या फियाटच्या डिकीतला गालिचा ओढून काढला तेव्हा खाली पत्र्यावर काळपट तपकिरी वर्तुळं दिसली. एकात एक गुंतलेली, ओला पेला फरशीवर पुन्हा पुन्हा ठेवला की उठतात तशी, फक्त ही भाकरीएवढी मोठी. गॅरेजवाल्या चाचांनी थिनरमध्ये चिंधी बुडवून घासून पाहिलं, मग नखानं थोडं खरवडलं, नख नाकाशी धरलं (पत्र्यावरचं काहीही ते आधी हुंगतात, चाळीस वर्षांची सवय) आणि म्हणाले, "भाऊ, हा केळीचा चीक आहे. रंगात उतरलाय. रंग काढला तरच जाईल."

केळीचा चीक शर्टावर पडला की तो शर्ट वावरातला झाला हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. ताजा असताना पाण्यासारखा असतो, पडला ते कळतही नाही, दोन दिवसांनी काळा पडतो आणि मग कपडा फाटेपर्यंत सोबत राहतो. आप्पा कुठेही निघाले, सोयऱ्यांकडे म्हणा, कोर्टात म्हणा, नाहीतर शहरात कोणाला भेटायला म्हणा, डिकीत एक घड असायचाच. दांडा ताजा कापलेला, त्यातून चीक ठिबकतोय, आणि गाडी पोचेपर्यंत तो जिथे टेकला तिथे एक वर्तुळ. मी मोजायला बसलो. सतरापर्यंत मोजता आली, पुढची सगळी एकमेकांत मिसळलेली.

चाचा विचारत होते, पत्रा साफ करू का, आणि मला उत्तर देता येईना. मी म्हटलं आज राहू द्या, पुढच्या रविवारी सांगतो. तो रविवार यायला दोन वर्षं लागली.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. पण आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हटलं नाही, फियाटच. तसं ते चूकही नाही, कारण १९६४ मध्ये ती इथे आली तेव्हा फियाट ११०० डिलाइट म्हणूनच आली, पद्मिनी हे नाव तिला १९७४ ला मिळालं. मुंबईत कुर्ल्याला बनायची, वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात. वालचंद आपल्या सोलापूरचे, आणि मोटार, जहाज, विमान हे सगळं इथेच बनलं पाहिजे असं स्वातंत्र्याच्या आधीपासून म्हणणारा हा माणूस, त्यामुळे आप्पांना त्या गाडीचा एक वेगळा अभिमान होता, सोलापूरच्या माणसानं उभ्या केलेल्या कारखान्यातली गाडी म्हणून. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगला, समोरची सीट सलग बाकासारखी. ड्रायव्हर धरून तीन माणसं पुढे आणि चार मागे, हे आमचं नेहमीचं माप, पोरं मोजायची नसतात.

पण आप्पांना ती मिळाली कशी, यात आमच्या दुसऱ्या गाडीचं मूळ आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि चार-पाच वर्षांत सगळ्या डॉक्टर-वकिलांना मारुती हवीशी झाली. हलकी, पेट्रोल कमी पिणारी, चावी फिरवली की चालू. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी तशीच मारुती घेतली आणि आपली फियाट विकायला काढली, आणि १९८७ च्या दिवाळीआधी केळीचे पैसे आले होते म्हणून आप्पांनी ती घेतली. नवी फियाट आप्पांच्या आवाक्यातली नव्हतीच कधी. मारुती आली म्हणून फियाट आमच्या दारात आली. हे आप्पांना कोणी म्हटलेलं आवडायचं नाही, मारुतीला ते टिनाचा डबा म्हणायचे, आणि गावात नवी मारुती आली की तिच्या दारावर बोट वाजवून बघायचे.

आज माझ्या दारात तोच टिनाचा डबा उभा आहे. लाल, २००९ ची, मागची सीट काढून टाकलेली. आई तिला धाकली म्हणते आणि फियाटला मोठी.

धाकली कशी आली ते सांगतो. मी चोपड्याला राहतो, कॉलेजात शिकवतो, आणि वावर आमचं गावाकडे, नऊ किलोमीटरवर. केळी आणि थोडा कापूस. आप्पा २०१६ ला गेले. फियाट त्याआधीच बारा वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती, तिच्यावर गोणपाटं, गोणपाटांवर ठिबकच्या जुन्या नळ्यांचे गुंडाळे, खाली उंदरांची बिळं. २०१८ ला मी ती ट्रॅक्टरला बांधून बाहेर काढली आणि शेवटी टेम्पोत घालून जळगावला चाचांकडे नेली. पहिल्यांदा गेलो होतो दुसऱ्या एका गॅरेजवाल्याकडे, त्यानं सडलेल्या पत्र्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारून दिला, सहा महिन्यांत दारांच्या खालच्या कडेला फोड आले. चाचांनी ती सगळी लांबी तासून काढली. ते काढताना त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, फक्त चेहरा असा, जसा डॉक्टर चुकीचं बांधलेलं प्लास्टर कापतो.

२०१९ च्या शेवटी ती चालू झाली. आणि मी काय केलं, तर लगेच तिला कामाला जुंपली. माझं म्हणणं सोपं होतं, आप्पा हीच गाडी सगळ्याला वापरायचे तर मीही वापरणार, नुसती शोभेला ठेवायची गाडी मला नको.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना माहीत नसते. खानदेश म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो, भुसावळ-जळगावचं ऊन, ४५ च्या वर गेलेला पारा. पण सातपुड्याच्या पायथ्याला डिसेंबर-जानेवारीत जी थंडी पडते ती केळीवाल्याला विचारा. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, सुटत नाही, निसवणीला, म्हणजे घड बाहेर टाकायला, आलेल्या झाडाचा घड आतच अडकतो, पानं पिवळी पडायला लागतात. उपाय जुनेच, पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, आणि रात्री पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, जमीन तेवढी धरून ठेवते. त्यात शेतीची लाइट एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. डीपीवर फ्यूज उडाला, नाहीतर फिल्टर चोक झाला, की रात्री दीडला सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, फोन येतो आणि उठून जावंच लागतं.

आधी मी फटफटीवर जायचो. पण २०१७ ला चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हापासून आईनं धसका घेतला, आणि आमच्याकडेही केळीत बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतच असतात, केळीचा बाग म्हणजे त्याला दिवसभर लपायला गारवा आणि पाणी, दोन्ही. आईचं एकच, "रातले फटफटीवर जाऊ नको. गाडी ली ले एखादी." मी म्हटलं गाडी आहे की, आप्पांची.

डिसेंबरातली ती रात्र. वऱ्हांड्यातल्या थर्मामीटरवर आठ. फोन आला दीडला. फियाटचा चोक ओढला, स्टार्टर मारला, एकदा, दोनदा, पाचदा, इंजिन नुसतं खोकलं आणि मग बॅटरी बसली. शेजाऱ्याला उठवून ढकलत नेली तेव्हा चालू झाली. शेतरस्त्याला हेडलाइट पिवळट, चिमणीसारखे, धुकं, आणि वळणावर बांध दिसलाच नाही. डावं मडगार्ड दगडाला घासत गेलं. चाचांनी तीन दिवस हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन जे मडगार्ड सरळ केलं होतं ते. मी उतरलो, टॉर्च मारला, नवा रंग कोपऱ्यापासून वीतभर उडालेला, आणि मी त्या गाडीला शिवी दिली. आप्पांच्या गाडीला. मोठ्यानं, वाईट शिवी. सालदार शेजारी उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

त्या रात्री पाणी सुरू करून मी बांधावर शेकोटीशी बसलो होतो तेव्हा मला कळलं की असं चार हिवाळे चाललं तर मला ही गाडी डोळ्यासमोर नकोशी होईल. दर वेळी ती अडणार, तिच्यात दोष नसताना अडणार, कारण तिचं वय एक्केचाळीस, आणि दर वेळी माझं काहीतरी अडलेलं असणार. केळी असेल, परीक्षा असेल, आईचं औषध असेल. गरजेच्या माणसावर आपण चिडतो तसा मी तिच्यावर चिडत राहणार.

जानेवारी २०२० मध्ये बासष्ट हजाराला ती लाल ८०० घेतली. संक्रांतीच्या आधी. घेताना फक्त तीन गोष्टी बघितल्या, थंडीत चालू होते का, हेडलाइट पांढरे पडतात का, आणि हीटर चालतो का. रंग उडालेला होता, मागच्या बंपरला तार बांधलेली होती, ते काही बघितलं नाही.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो, डेट्रॉइटजवळ. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, मामा, ही तर तुझी विंटर कार. मग त्यानं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्याच्याकडे जुनी मस्टँग आहे, १९६७ ची, तो आणि त्याचा मित्र मिळून दुरुस्त करताहेत, आणि नोव्हेंबर लागला की ती गॅरेजात जाते, टाकी पेट्रोलनं भरून, त्यात पेट्रोल टिकवायचं औषध टाकून, बॅटरीला बारीक चार्जर लावून, उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात तारेचा काथ्या कोंबून. आणि हिवाळाभर चालते एक जुनी करोला. कारण तिकडे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्यालाही गोठत नाही म्हणून रस्ता मोकळा राहतो, पण तेच खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खाऊन टाकतं. डेट्रॉइट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे, हजार फुटांहून खोल. म्हणजे ज्या शहरानं जगाला मोटारी दिल्या त्याच शहराच्या पोटात मोटारी खाणारं मीठ. त्याच्या करोलाला ड्रायव्हरच्या पायाखाली भोक पडलंय, त्यावर त्यानं पत्रा टाकलाय, आणि तो म्हणतो, मामा, ती मीठ खाते म्हणून माझी मस्टँग वाचते.

मला ते बोलणं रात्रभर पुरलं. कारण आमच्याकडे सगळं उलटं. आमच्या जुन्या गाडीचा शत्रू हिवाळा मुळीच नाही, हिवाळ्यातली दुपार तर तिचा सगळ्यात चांगला काळ. तिचा शत्रू उन्हाळा आणि पावसाळा.

उन्हाळ्याचं सांगतो, कारण ते मी लहानपणी हातानं केलंय. जुन्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनालाच लावलेला असतो, मे महिन्यात इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळायला लागतं, वाफ धरते, आणि पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटरला थेंब पोचत नाही. गाडी हुंदके देते आणि बंद. १९९१ च्या मे मध्ये शिरपूरकडे लग्नाला निघालो होतो, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर भर दुपारी बंद पडली, सावलीला एक बाभूळ. आप्पांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा काढला, मला म्हणाले मडक्यात बुडव. मी बुडवून दिला, त्यांनी पिळला नाही, तसाच निथळता पंपावर गुंडाळला, फस्स करून आवाज आला आणि पंचाच्या कडेनं वाफ. दोन मिनिटांनी पुन्हा काढला, पुन्हा बुडवला. तिसऱ्यांदा पंचा गुंडाळलेलाच राहू दिला आणि गाडी चालू झाली, आणि लग्नाला पोचेपर्यंत दर सात-आठ किलोमीटरला थांबून मी उतरून मडक्यातलं पाणी त्या पंचावर ओतत होतो. पिण्याचं पाणी संपलं. आईनं आणि आत्यानं तोंडातून ब्र काढला नाही, पण मला आठवतं, लग्नघरी पोचल्यावर आत्या आधी माठाकडे गेली.

त्या दिवशी आप्पा चिडले नव्हते. हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी टोचतं. भर उन्हात, लग्नाची वेळ टळून चाललेली, डिकीत घड पिकून फुटायला आलेला, आणि तो माणूस पंपावर पंचा गुंडाळताना असं गुंडाळतोय जसं तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात.

पावसाळ्याचं वेगळंच. काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते की चाकाची लाकडी मोगरी होते, आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला जो थर बसतो तो महिनाभर ओल धरून ठेवतो. पत्रा सडतो तो त्या थराखाली. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजली की दारात पाणी साचतं. फियाटची चारही दारं खालून गेली होती ती अशीच. आता जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फियाट शेतरस्त्यावर जात नाही. धाकली जाते, रुतते, चार माणसं मिळून उचलून बाहेर ठेवतात, साडेसहाशे किलोची गाडी, उचलता येते. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, एकदा तर शेजाऱ्याचं आजारी वासरू, सगळं तिच्यातनं गेलंय.

म्हणजे फियाटला कामातनं सुट्टी मिळाली, आणि मी खुश. पण यातही एक गोष्ट बिघडायला लागली होती. जपायला ठेवलेली गाडी उभ्या उभ्या मरते. २०२२ ला कामं वाढली, तीन महिने मी तिला हात लावला नाही, आणि चालू करायला गेलो तर पेट्रोलच्या नळीला तडे, पंपाचा पडदा कडक झालेला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. सगळ्या नळ्या बदलल्या, पडदा बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला. तेव्हापासून नियमच केला, दर रविवारी निदान वीस किलोमीटर, नुसतं दारात चालू करून बंद करायचं नाही, इंजिन नीट तापलं पाहिजे.

स्पेअर पार्टचं म्हणाल तर निम्मी गाडी मुंबईच्या टॅक्सींची आहे. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे काळीपिवळ्या एकेक करत भंगारात गेल्या आणि त्यांची हँडलं, आरसे, काचेच्या पट्ट्या जुन्या बाजारात आल्या. आमच्या मागच्या डाव्या दाराच्या हँडलच्या आत पिवळा रंग अजून दिसतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती, ती ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, त्या दिवशी मला निदान दहा जणांचे फोन आले, कोणीतरी घरातलं गेल्यासारखे. मी संध्याकाळी गाडी काढून तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. दुसरं काय करणार.

कागदपत्रांचंही लोक विचारतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, आणि त्याची फी एप्रिल २०२२ ला सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर. दोन्ही गाड्यांचं करतो. आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आमची २०२८ ला होईल. पण तशी नोंदवली की तिला रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतंच. मित्र म्हणतात कर, मान आहे तो. मी नाही करणार. बहिणीकडे जाता येणार नसेल तर ती गाडी माझ्या काय कामाची.

डिकीवर येतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत डिकीचा खालचा पत्रा एका बाजूनं कुजलेला निघाला, तो कापून नवा जोडायचा होता. चाचांनी गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. "हे बघा." टॉर्च धरला. डिकीच्या खालच्या बाजूला रेडऑक्साइड, गंज धरू नये म्हणून मारतात तो लाल रंग, मारलेला होता, एकावर एक थर, चाचांनी कोपऱ्यात ब्लेडनं कापून दाखवलं, पापुद्रे मोजता येत होते, नऊ. आणि त्यात ब्रशचे केस अडकलेले होते. काळे, बोटाच्या पेराएवढे, वाळलेल्या लाल रंगात रुतलेले. गॅरेजवाला स्प्रे मारतो, त्यात केस येत नाहीत. हे घरी, जमिनीवर उताणं झोपून, स्वस्तातल्या ब्रशनं मारलेलं होतं.

मग मला आठवलं. मृगाच्या आधी, आप्पा खळ्यात गाडीखाली गोणपाट टाकून झोपलेले असायचे, फक्त पाय बाहेर. आम्हाला वाटायचं गाडी बिघडली. चाचांनी विचारलं कोणी मारलंय हे, मी म्हटलं वडिलांनी, तर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "म्हणून तर मधला सगळा पत्रा शाबूत आहे. हा कोपरा तेवढा उभं राहून गेला."

मी इतकी वर्षं मनात धरून होतो की आप्पांनी गाडी राबवली आणि मी तिला जपतोय. डिकीतले डाग, सीटखाली सापडलेली सरकी, दारावरचे पोचे, सगळं मला हेच सांगत होतं. पण त्या पत्र्याच्या वरच्या बाजूला सतरा डाग होते आणि त्याच पत्र्याच्या खालच्या बाजूला नऊ थर होते. एकच पत्रा. ज्या गाडीनं ते रात्री पाण्याला गेले, तीच गाडी त्यांनी दर पावसाळ्याआधी पाठीवर झोपून रंगवली. मला जे करायला दोन गाड्या लागताहेत ते त्या माणसानं एका गाडीत केलं, आणि मी बांधावर एका मडगार्डसाठी तिला शिवी देऊन बसलो.

चाचांना सांगितलं, कोपरा बदला, वरचे डाग राहू द्या. त्यांनी नवा तुकडा जोडला, त्या तुकड्याला रंग दिला, जुन्या भागावर फक्त पारदर्शक कोट मारला. आता डिकी उघडली की एका बाजूला कोरा पिस्ता रंग, दुसऱ्या बाजूला ती वर्तुळं. बघणारे म्हणतात काम अर्धवट राहिलंय. राहू दे.

त्या जूनमध्ये मी धाकलीखाली झोपलो. खळ्यातच. एक लिटर रेडऑक्साइड आणि दीड इंची ब्रश. तोपर्यंत तिला मी फक्त धुवायचो, तेही चाकांवर पाणी मारून. खाली गेलो तर डाव्या मागच्या चाकाशी माती दगडासारखी बसलेली, ती खुरप्यानं काढली, खाली पत्रा अजून बरा होता, नुसता लालसर. घासला, पुसला, ब्रश लावला. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत येतो, डोळ्यात पडतो, मान अवघडते, आणि एवढुशा गाडीला पूर्ण दिवस लागतो. संध्याकाळी बघितलं तर माझ्याही रंगात ब्रशचे केस अडकलेले होते. काढले नाहीत. २०२४ ला तिची पंधरा वर्षं झाली, पुन्हा नोंदणी केली, लोकांनी वेड्यात काढलं की गाडीची किंमत केवढी आणि खर्च केवढा. पण हिवाळ्यात रात्री दीडला फोन आला की एका चावीत चालू होते, काच पुसेपर्यंत हीटर तापतो, आणि टॉर्चपेक्षा तिच्या हेडलाइटचा मला जास्त आधार वाटतो. गेल्या डिसेंबरात केळीच्या बांधावर दोन डोळे चमकले, मी गाडी थांबवली, काच वर केली, इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळानं ते डोळे बागेत शिरले. घरी आल्यावर आईला सांगितलं नाही, पण सकाळी धाकलीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होतो ते तिनं बघितलं असावं.

या संक्रांतीला बहिणीकडे अमळनेरला जायचं होतं. आदल्या रात्री मी वावरात होतो, साडेतीनला परतलो, धाकलीच्या चाकांना चिखल, काचेवर दव. सकाळी आठला ऊन कोवळं, हवा कोरडी, फियाटला याहून चांगला दिवस मिळत नाही. पण आई म्हणाली, "धाकलीनं जाऊ, तिन्हामां गरम हवा लागस." सत्तरी पार केलेल्या बाईचं म्हणणं, खरंच होतं. मी म्हटलं बरं, आणि फियाटला नुसतं गरम करून ठेवावं म्हणून चावी फिरवली तर बॅटरी बसलेली. थंडीत होतं असं. मग धाकली तिच्या नाकाला नाक लावून उभी केली, दोन तारा जोडल्या, धाकलीचा ॲक्सिलरेटर बायकोनं धरला, मी फियाटचा चोक ओढला, आणि फियाट एकदा खोकून चालू झाली. चोक हळूहळू आत ढकलला तसा तिचा आवाज स्थिर झाला, शिलाई मशीन चालावं तसा.

तो आवाज ऐकून आई घोंगडी घेऊन बाहेर आली आणि काही न बोलता फियाटच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली, खिडकीकडच्या बाजूला, जिथे ती नेहमी बसायची. घोंगडी गुडघ्यांवर घेतली.

सालदारानं रात्रीच घड कापून धाकलीत ठेवला होता. ग्रँड नैन जातीच्या केळीचा, आप्पांच्या वेळच्या बसराई जातीपेक्षा बराच मोठा, पंचवीसएक किलोचा. मी तो फियाटकडे आणला आणि डिकी उघडली. हातात गोणपाट होतं. रात्रीपासून दांडा सुकला होता म्हणून मी विळ्यानं दोन बोटं ताजा कापला आणि चीक टपकायला लागला, पाण्यासारखा. गोणपाट घडी करून बाजूला ठेवलं आणि घड डिकीत टेकवला, दांडा खाली करून, जुन्या वर्तुळांच्या बाजूला.